मैदानावर येणारे मूल कोणाचे?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडला. शाली, श्रीफळे, पाकिटे देऊन झाली, छायाचित्रे निघाली, आणि आता चहाची वेळ जवळ आली असता माझ्यासारख्या मॅट्रिक शिक्षकाला आपणापुढे उभे करण्यात आले आहे. चौतीस वर्षे मुलांसमोर बोलण्यात गेल्यामुळे मागच्या रांगेतील कुजबुज मला नवीन नाही. तेव्हा त्या बाजूच्या मंडळींनी निःसंकोच असावे. युवक-विभागाने मला विषय दिला तो असा, की पुढील वर्षापासून आपल्या संस्थेने ज्ञातीतील तरुणांसाठी फुटबॉलची चषकस्पर्धा सुरू करावी आणि तिचे महत्त्व मी विशद करावे. फुटबॉलचे महत्त्व मी यथाशक्ती सांगणार आहे. चषकाविषयी मात्र माझे मत थोडे निराळे आहे, आणि ते मी आडपडदा न ठेवता सांगणार आहे. आपल्या संस्थेचा निधी हा पै पै करून जमलेला आहे. तो कोणत्या वाटेने जावा हा प्रश्न लहान नाही.

आज ज्या मुलामुलींचा सत्कार झाला, त्यांच्या यशाचा मला मनापासून आनंद आहे. तथापि शिक्षकाच्या डोळ्याला एक खोड असते. वर्गात शिरल्याबरोबर तो प्रथम रिकाम्या जागांकडे जातो. आजच्या या सभागृहातही मला काही जागा रिकाम्या दिसतात. नववीत दोनदा नापास होऊन गॅरेजात लागलेला मुलगा येथे नाही. दिवसभर दुचाकीवरून घरोघर पार्सले पोचविणारा नाही. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी सातवीतून काढलेली मुलगी नाही. त्यांचे आईबापही नाहीत. निमंत्रणपत्रिका त्यांना गेली नाही असे नव्हे. पण जेथे दुसऱ्यांच्या मुलांची नावे मोठ्याने पुकारली जातात तेथे येऊन बसण्यास मनाची तयारी लागते. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात टक्केवारीचा रकाना आहे, उत्पन्नाच्या दाखल्याचा आहे, ज्ञातीच्या दाखल्याचा आहे. नापास झालेल्या मुलासाठी त्यात रकानाच नाही. ही टीका नव्हे. शिष्यवृत्ती ही चीजच तशी आहे, ती वर आलेल्याला हात देते. खाली राहिलेल्यापर्यंत पोचण्यास दुसरे काही तरी हवे, आणि ते दुसरे काही तरी फुटबॉल असू शकते, एवढेच माझे आजचे प्रतिपादन आहे.

फुटबॉलच का, असे कोणी विचारील. या खेळाला ‘पायचेंडू’ असा शब्द सुचविला गेला होता, पण मैदानावर तो उच्चारलेला मी कधी ऐकला नाही. आपल्याकडे क्रिकेटचे वेड अधिक, हे मलाही ठाऊक आहे. परंतु गल्लीतील क्रिकेट ज्यांनी पाहिले आहे त्यांना हेही ठाऊक असेल की ज्याची बॅट त्याची पहिली खेळी. एक मुलगा खेळतो, एक चेंडू टाकतो, आणि उरलेले आपली पाळी कधी येते याची वाट पाहत उन्हात उभे राहतात. त्यांतही जो गरीब, जो लहान, त्याची पाळी येईतो अंधार पडतो. फुटबॉलात एका चेंडूमागे वीस मुले एकाच वेळी धावू शकतात. साहित्य म्हणाल तर एक चेंडू आणि चार दगड. पायांत बूट असलेच पाहिजेत असेही नाही. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा त्या अकरा जणांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. आपल्या कोल्हापुरात हा खेळ पेठापेठांतील तालमींनी वाढविला. आजही तेथील संघ तालमींच्या नावांनीच ओळखले जातात आणि पाटाकडील तालमीचा सामना असला म्हणजे शाहू स्टेडियम माणसांनी फुलून जाते. हा खेळ मुळात मोहल्ल्याचा आहे.

आता आपल्यासारख्याच एका समाजाची हकीकत सांगतो. ती दूरच्या ग्लासगो शहराची आहे, पण ऐकताना आपणांस ती परकी वाटणार नाही. गेल्याच्या मागील शतकात आयर्लंडातून दुष्काळामुळे आणि दारिद्र्यामुळे हजारो कॅथलिक कुटुंबे तेथे पोटासाठी येऊन राहिली. शहराच्या पूर्व भागातील त्यांच्या वस्तीत मुले उपाशीपोटी शाळेत येत. तेथील एका शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर वॉलफ्रिड नावाचे धर्मबंधू होते. मुलांना दुपारचे जेवण मिळावे म्हणून त्यांनी भोजनाची व्यवस्था केली, आणि तिला पैसा कमी पडू लागला तेव्हा नोव्हेंबर १८८७ मध्ये एक फुटबॉल-क्लब काढण्याचे ठरविले. सामन्यांचे उत्पन्न मुलांच्या जेवणाला द्यावयाचे, असा संकल्प. तोच आजचा जगप्रसिद्ध सेल्टिक क्लब. शिक्षकाच्या हातून एवढे होऊ शकते हे वाचून माझ्यासारख्याला किती धीर आला असेल याची आपण कल्पना करावी.

या हकीकतीतील दोन गोष्टी आपण नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी. क्लब काढला तो कॅथलिक समाजाने, आपल्या मुलांसाठी, आपल्या वर्गणीतून. आपली मुले दुसऱ्या पंथाच्या अन्नछत्रात जाऊन तिकडचीच होतील ही भीतीही त्यामागे होती. असे असूनही, संघात इतर पंथाच्या खेळाडूंची संख्या मर्यादित ठेवावी अशी सूचना १८९५ मध्ये पुढे आली तेव्हा ती मान्य झाली नाही. ज्या शहरात या दोन पंथांतून विस्तव जात नव्हता त्या शहरात हे घडले. दुसरी गोष्ट तितकी सुखाची नाही. क्लब जिंकू लागला, पैसा येऊ लागला, १८९२ मध्ये वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली, आणि १८९७ मध्ये क्लबाची मर्यादित कंपनी झाली. या काळात मुलांच्या भोजनासाठी जाणारी रक्कम आटत गेली. खेळाडूंचे वेतन वाढले आणि मुलांची पाने मागे पडली. वॉलफ्रिड मात्र लंडनच्या गरीब वस्तीतही अनवाणी मुलांसाठी फुटबॉलचे सामने भरवीत राहिले.

युवक-विभागातील माझ्या तरुण मित्रांना मी हेच सांगू इच्छितो. चषक आला की जिंकणे आले, जिंकणे आले की निवड आली, आणि निवड आली की ज्याच्यासाठी आपण हा उद्योग मांडला तोच मुलगा प्रथम बाहेर बसतो. जो आधीच चपळ, ज्याच्या बापाने त्याला शिबिराला पाठविले, तो संघात येणार. दोन दिवस मंडप पडेल, रंगीत गणवेष होतील, भाषणे होतील (माझ्यासारख्यांची), आणि तिसऱ्या दिवशी मैदानाला पुन्हा कुलूप लागेल.

याहून वेगळे काय करता येते ते पाहण्यास आपल्याला ग्लासगोला जाण्याचे कारण नाही. २००१ मध्ये आपल्या नागपुरातच हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांनी भर पावसात काही झोपडपट्टीतील मुले एक फुटकी बादली लाथाडीत खेळत असलेली पाहिली. त्यांनी त्या मुलांना एक फुटबॉल दिला. आपल्यापैकी पुष्कळांनी तशी मुले पाहिली असतील आणि छत्री सावरून पुढे गेले असतील. बारसे यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे: जोवर मुले चेंडूमागे होती तोवर ती जुगारापासून, व्यसनापासून आणि भांडणापासून दूर होती. त्यांनी झोपडपट्टीतील मुलांचीच स्पर्धा ठरविली, तिला १२८ संघ आले. एवढी मुले शहरात होती आणि त्यांना कोणी बोलाविले नव्हते. पुढे निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशातून त्यांनी शहराबाहेर या मुलांसाठी जमीन घेतली. त्यांचे चिरंजीव अभिजीत अमेरिका सोडून परत आले आणि त्यांनी या कामाला वाहून घेतले. आज हे काम ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखले जाते. २०१६ मध्ये जागतिक फुटबॉल-संघटनेने, म्हणजे फिफाने, आपला विविधता-पुरस्कार या संस्थेस दिला. २०२२ मध्ये श्री. नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ हा चित्रपट काढला तो बारसे यांच्याच कार्यावर. त्यात अमिताभ बच्चन यांनी शिक्षकाची भूमिका केली. चित्रपट आपण पाहिला असेल. चित्रपटात तीन तासांत घडते त्याला प्रत्यक्षात वीस वर्षे लागली, एवढे मात्र प्रेक्षागृहातून बाहेर पडताना विसरू नये.

या कामाचा संबंध पुढे बेघरांच्या विश्वचषकाशी आला. तो विश्वचषक २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे प्रथम भरला. त्याचे नियम मला फार आवडले. एका बाजूस चौघेच खेळतात, सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात, आणि अंगण म्हणावे एवढेच, बावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद, मैदान असते. आणि मुख्य नियम हा की कोणासही जन्मात एकदाच त्यात खेळता येते. कितीही उत्तम खेळाडू असो, दुसऱ्या वर्षी त्याने दुसऱ्यासाठी जागा सोडावयाची. सेल्टिकचे जे झाले ते होऊ नये म्हणून घातलेला हा बांध आहे असे मी समजतो. नागपुरातील एक तरुण, ज्याच्या नावावर पोलिसांत गुन्ह्यांची नोंद होती, तो २०१० मध्ये रिओ द जानेरो येथे याच स्पर्धेत भारतीय संघाचा कर्णधार होता. पुढे त्याने आपल्यासारख्याच मुलांना शिकविण्याचे काम पत्करले.

केवळ चेंडू फेकला म्हणजे मुले सुधारतात असा भ्रम मात्र कोणी बाळगू नये. चेंडू मुलांना मैदानापर्यंत आणतो. पुढचे काम माणसांचे. केनियात नैरोबी शहरात माथारे नावाची प्रचंड झोपडपट्टी आहे. तेथे बॉब मन्रो या कॅनेडियन गृहस्थाच्या पुढाकाराने १९८७ मध्ये मुलांचे फुटबॉल-मंडळ निघाले. त्यांनी एक युक्ती केली. संघाला गुण मिळावयाचे ते केवळ सामने जिंकून नव्हे. आपल्या वस्तीतील कचरा उपसला, नाली साफ केली, तर त्याचेही गुण त्याच तक्त्यात जमा व्हावयाचे. त्यामुळे मैदानावर हरणारा संघही फावडी घेऊन वर येऊ शकतो. जी मुले लहानांना शिकवितात, सामने चालवितात, त्यांची शाळेची फी पारितोषिक म्हणून मंडळ भरते. ती मुलाच्या हाती न देता थेट शाळेकडे जाते. शिक्षक या नात्याने मला या शेवटच्या व्यवस्थेत मोठे शहाणपण दिसते.

दुसरी युक्ती कोलंबियातील मेदेयीन शहरातली. १९९४ च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या खेळाडूच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला, आणि घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत त्याच शहरात त्याला गोळ्या घालण्यात आल्या. जेथे एका गोलासाठी माणूस मरतो तेथे युर्गेन ग्रीसबेक या जर्मन गृहस्थाने तोच खेळ सलोख्यासाठी वापरावयाचे ठरविले. संघात मुली असल्याच पाहिजेत आणि पहिला गोल मुलीने केला पाहिजे, असा नियम त्यांनी केला. या पद्धतीत पंच नसतो. सामन्यापूर्वी दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवितात; खेळ संपल्यावर पुन्हा बसतात, कोण कसे वागला ते एकमेकांच्या तोंडावर सांगतात आणि वर्तणुकीचे गुण देतात. मग हार-जीत ठरते. ज्या मुलाला घरी, शाळेत, कामावर नेहमी दुसऱ्याचा निवाडा ऐकावा लागतो, त्याला येथे प्रथमच निवाडा करावयास बसविले जाते. ही पद्धत आता अनेक देशांत रुजली आहे.

माझा स्वतःचा अनुभव फार लहान आहे. मी शिकवीत असता सातवीतील एक मुलगा शाळेत यावयाचा बंद झाला. बाप नव्हता, आई चार घरची भांडी करी, आणि हा चहाच्या टपरीवर कपबशा विसळी. पण दर गुरुवारी मैदानाच्या तासाला तो शाळेच्या कुंपणभिंतीवर येऊन बसे. त्याला हाक मारून मी आत घेतले. पहिले दोन महिने पुस्तकाचे नाव काढले नाही. मग खेळाडूंच्या याद्या लिहिण्याचे काम त्याच्याकडे दिले. नावे लिहिता येईनात म्हणून तो चिडला, आणि त्या चिडण्यातून अक्षरे शिकला. वर्तमानपत्रातील खेळाचे पान तो अडखळत वाचू लागला. आज तो टेम्पो चालवितो, स्वतःच्या हिशेबाची वही स्वतः लिहितो. तो मोठा खेळाडू झाला नाही, पदवीधर झाला नाही, आणि फुटबॉलने त्याला तारले असेही मी म्हणणार नाही. त्याच्या आईच्या कष्टांचा त्यात माझ्याहून मोठा वाटा आहे. पण भिंतीवरून आत यावयास त्याला दुसरा कोणताही दरवाजा नव्हता, हे मी पाहिले आहे.

मुंबईत कफ परेडजवळच्या आंबेडकर नगरात वाढलेल्या अशोक राठोड या तरुणाने ‘ऑस्कर’ ही संस्था काढली. तिचा नियम आहे: शाळा नाही तर फुटबॉल नाही. नियम सरळ आहे आणि त्याचा गुणही येतो. तरीसुद्धा मला वाटते, आपण आरंभ करताना तो जसाच्या तसा घेऊ नये. शाळा सुटलेल्या मुलाला प्रथम आत येऊ द्यावे, आणि शाळेची गोष्ट त्याच्याशी मागाहून, सावकाश काढावी. यावर माझा आग्रह नाही. अनुभवाने बदलता येईल.

मुलींविषयी मात्र आग्रह आहे. झारखंडातील रांचीजवळच्या खेड्यांत ‘युवा’ संस्थेने २००९ पासून मुलींना फुटबॉल शिकविला, आणि त्यांतल्या मुली २०१३ मध्ये स्पेनला जाऊन तिसऱ्या क्रमांकाचा चषक घेऊन आल्या. ज्या घरांत मुलीच्या लग्नाची घाई असते त्या घरांत हे घडले. मुलींसाठी वेळ उजेडाची हवी, स्वच्छतागृह उघडे हवे, आणि महिला-मंडळातील एखादी भगिनी मैदानावर हवी. एवढ्या तीन गोष्टी नसतील तर ‘मुलींनाही प्रवेश आहे’ असे फलकावर लिहिण्यात अर्थ नाही.

आता ज्या प्रश्नाची कुजबुज मी व्यासपीठावर येण्याआधीच ऐकली, त्याकडे वळतो. आमच्या ज्ञातीच्या पैशावर बाहेरची मुले का खेळवावयाची? प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग नाही. संस्था ज्यांनी उभी केली त्यांनी ती ज्ञातीच्या उत्कर्षासाठी केली. पण व्यवहार पाहा. आपल्या कार्यालयामागच्या वस्तीत आपल्याही ज्ञातीची कुटुंबे आहेत. ती आपल्या यादीत नाहीत, वर्गणी भरू शकत नाहीत, संमेलनाला येत नाहीत. त्यांचा मुलगा आपल्या शेजारच्या मित्रांबरोबर येईल, एकटा दाखला घेऊन येणार नाही. त्या मित्रांना फाटकाशी थांबवून त्याला आत घेतलात, तर तो आत येणार नाही. आणि आला, तर चांगला मुलगा नव्हे असे मी समजेन. चार मुलांचा खेळ जातीवर वाटता येत नाही. ज्ञातीचा चषक काढलात तर ज्ञातीतील खाऊनपिऊन सुखी घरांची मुले येतील, आणि ज्याच्यासाठी हे सारे, तो पुन्हा भिंतीवर बसेल. आपल्याच मुलापर्यंत पोचावयाचे असेल तर फाटक सर्वांना उघडे ठेवावे लागेल, एवढे हे साधे गणित आहे.

म्हणून माझी सूचना अशी. चषकासाठी जी रक्कम योजिली आहे तीतून मंडप, गणवेष, ढाली हे सर्व वगळावे. कार्यालयामागील पटांगण लग्नाच्या तारखा सोडून आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी पाच ते साडेसहा उघडे ठेवावे. मोठ्यांसाठी पाच नंबरचे आणि बारा वर्षांखालील मुलांसाठी चार नंबरचे असे चेंडू घ्यावेत, हवा भरण्याचा पंप, चुना, पिण्याच्या पाण्याचे पिंप आणि प्रथमोपचाराची पेटी घ्यावी. पटांगणातील खडी आणि मंडपाच्या खुंट्या आधी उपटून काढाव्या; अनवाणी पायांना त्या लागतील. मुलांजवळ नेहमी दोन मोठी माणसे असावीत, एकट्यावर कोणीही काम टाकू नये, मग तो कितीही विश्वासू असो. एक माणूस शिकलेला प्रशिक्षक असावा आणि त्याला मानधन द्यावे; फुकटचे काम पावसाळ्यापर्यंत टिकते. हजेरीच्या वहीत नाव, वय आणि शाळेत जातो की नाही, एवढेच तीन रकाने असावेत. हजेरी घेण्याचे काम मी करीन. ते मला येते.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा आवरतो. कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला असून तो चिटणिसांच्या टेबलावर ठेवला आहे. सूचक म्हणून त्यावर माझी सही आहे. अनुमोदकाच्या नावाची ओळ कोरी आहे; चहा घेता घेता ज्यांना तो वाचावासा वाटेल त्यांनी अवश्य वाचावा, पेन शेजारीच आहे.